लेबल नसलेले निरोप

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग चिडशील. हातात फोन असताना ही बाई पत्रं कसली लिहीत बसलीय, असं वहिनीला म्हणशील. म्हण खुशाल. पण हे उभ्या उभ्या वाचू नकोस, आणि अर्ध्यात ठेवून मला फोनही करू नकोस. मी उचलणार नाही. शनिवारी तू येतोयस, येताना प्रवेशाचा अर्ज आणतोयस आणि आई त्यावर सही करणार आहे, एवढं आपलं ठरलंय. त्याच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी. संध्याकाळपासून तीन कागद फाडले. दोनदा उठून दार लागलंय का ते बघून आले, एकदा उगाचच गॅलरीत जाऊन उभी राहिले. तेव्हा अक्षरही थाऱ्यावर नाही आणि डोकंही नाही, सांभाळून घे.

आधी आईची खबर. खुब्याचं हाड नीट जुळतंय. वॉकर घेऊन दवाखान्यातल्या पलंगापासून खिडकीपर्यंत जाते आणि परत येते, दिवसातून चार वेळा. व्यायाम घेणारी बाई "शाब्बास आजी" म्हणाली की आई म्हणते, "शाब्बास कसली? मी काय पहिलीत आहे?" तेवढ्यापुरती आपली आई दिसते. आणि दादा, ती चिठ्ठ्या लिहायला लागलीय. 'गोळी घेतली, नऊ वाजता.' 'चष्मा उशीखाली.' 'आज गुरुवार.' पर्समध्ये, पुस्तकात, पाण्याच्या बाटलीखाली, जिथे हात घालावा तिथे चिठ्ठी. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं, 'धाकटी येऊन गेली.' मी तेव्हा तिच्या समोरच बसले होते. ती माझ्या जाण्याची तयारी करून ठेवत होती, म्हणजे नंतर विसरायला नको.

हीच ना रे ती बाई, जिच्या डोक्यात अख्ख्या शहराचे रस्ते होते? तुला आठवतंय, शाळा सुटल्यावर आपण तिच्या टपाल कचेरीत जाऊन बसायचो, ते मागच्या खोलीतलं लांब टेबल, भिंतीवरची लाकडी खणांची रांग आणि तो डिंकाचा वास? अर्धवट पत्त्यांचं सगळं टपाल शेवटी तिच्याच टेबलावर यायचं. एकदा एका पाकिटावर नुसतं लिहिलं होतं, 'चष्मेवाल्या नर्सबाई, पाण्याच्या टाकीजवळ.' बाकीच्यांनी परतीचा शिक्का उचलला होता. आईनं पाकीट हातात घेतलं, एकदा उलटंपालटं केलं आणि बरोबर खणात टाकलं. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. तर म्हणाली, "नियमात नसेल बसत, खणात बसतंय ना?" घरी येऊन बाबांना हे सांगताना काय हसली होती! आपण दोघं तिच्यामागे लागलो होतो, मग त्या नर्सबाईंना पत्र मिळालं का, मिळालं का. मिळालं होतं.

आता त्या सोमवारचं. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या पद्धतीनं एकदा सांगू दे. सकाळी सात-सव्वासातला आई बाथरूममध्ये पडली. पावणेदहाला शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी ब्लाउजचं माप विचारायला आल्या, दार उघडेना म्हणून त्यांनी आरडाओरडा केला आणि कुलूप तोडून घेतलं. अडीच तास ती गार फरशीवर होती, आणि गळ्यात आमच्याच कंपनीचं बटण होतं. बाबा गेले त्या वर्षी मीच आणून दिलेलं, पहिल्या खेपेतलं. "मला काय गाईसारखी घंटा बांधतेस?" म्हणून तेव्हा केवढी भांडली होती माझ्याशी! पण नंतर एक दिवस काढलं नाही. आंघोळीलासुद्धा नाही. पडलं-झडलं की ते दाबायचं, निरोप आमच्या सर्व्हरकडे येतो, मदत कक्षात घंटा वाजते आणि पाच मिनिटांत शेजाऱ्यापाजाऱ्याला फोन जातो. त्या दिवशी कुणालाच फोन गेला नाही.

दवाखान्यात तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं ते तू ऐकलं नाहीस, तू दुसऱ्या दिवशी आलास. मी ऐकलं. म्हणाली, "अकरा वेळा दाबलं गं मी. लाल दिवा लागायचा आणि विझायचा. मला वाटायचं, आता येतील." मी तिथूनच ऑफिसला फोन लावला. नोंद बघायला सांगितली. बटण चालू, रोजचा सकाळचा निरोप वेळेवर आलेला, समोर हिरवा ठिपका; आणि दाबल्याची नोंद शून्य. मी तिला म्हटलं, "आई, अगं नोंदच नाही." आणि हेच तुला सांगितलं. तू आलास, तिच्या पलंगाशी बसलास, हात हातात घेऊन किती गोड आवाजात म्हणालास, "आई, तुला वाटलं दाबलंस. असं होतं या वयात." मग डॉक्टरांनी विस्मरणाचे प्रश्न विचारले, आजचा वार, शंभरातून सात वजा. भुलीच्या औषधातून नुकतंच बाहेर आलेलं माणूस, त्याला शंभरातून सात वजा! दोन उत्तरं चुकली. झालं, तू ठरवलंस. एकटी राहू शकत नाही. त्या जागेला तू पहिल्यापासून 'निवास' म्हणतोस, आणि मीही तेच म्हणायला लागले, म्हणजे दुसरा शब्द तोंडात यायला नको.

तुझा राग नाही, दादा. म्हणजे आहे थोडा, पण तो नंतर. तू आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासून शिक्के मारलेला माणूस. तुझंच वाक्य आहे, काटा तपासल्याशिवाय वजनावर भांडू नये. मग आपण दोघांनी काय केलं? काटा तसाच ठेवला आणि आईला तपासलं. दोष तुझा नाही, कारण काटा माझा होता, आणि काटा बरोबर आहे हे तुला मीच सांगितलं होतं. छातीठोकपणे.

माझ्या कामाचा तुला कंटाळा आहे हे ठाऊक आहे, तरी एवढं ऐकच. आमचा सर्व्हर ज्यावर उभा आहे त्याला फ्रेमवर्क म्हणतात. समज, एक तयार ऑफिस. कुठला निरोप कुणाच्या टेबलावर जायचा, कुणी तपासायचा, उत्तर कुणी द्यायचं, सगळं लावून दिलेलं. पण बाहेरून आलेला निरोप हातात घेणं आणि उत्तर बाहेर देणं हे काम ते ऑफिस स्वतः करत नाही. त्यासाठी दारावर वेगळा गडी असतो, त्याला एचटीटीपी लायब्ररी म्हणतात. आमच्या फ्रेमवर्कची खुबी अशी की हा दारावरचा बदलता येतो. नेहमीचा नको असेल तर दुसरा आणायचा, मधे अ‍ॅडॉप्टर नावाचा एक जोड बसवायचा, आणि आतल्यांना पत्ताही लागत नाही. निदान माहितीपत्रकात तसं लिहिलंय. आमच्याकडे रोज सकाळी आठला हजारो बटणं एकदम 'मी चालू आहे' म्हणून निरोप पाठवतात, आणि जुना दारावरचा तेव्हा धापा टाकायचा. नवा त्याच्या दुप्पट चपळ. मॅनेजरांना आम्ही पाठीमागे 'राहू दे' म्हणतो, कारण काहीही विचारलं की तेच उत्तर. तेव्हाही म्हणाले, "चाललंय ना? मग राहू दे." पण मी हटून बसले. तुला माझा हट्ट नवा नाही.

तीन आठवडे खपले. आमच्या कोडमधली काही मंडळी फ्रेमवर्कला न विचारता थेट जुन्या दारावरच्याशीच बोलत होती, ती एकेक शोधून सरळ केली. जोड बसला. सगळ्या चाचण्या पास. शेजारच्या टेबलावरची नवीन पोरगी, जिला मी 'शंका' म्हणते, तिनं विचारलं, "ताई, पहिल्या खेपेतली बटणं तपासली का? ड्रॉवरमध्ये दोन आहेत, पण सेल गेलेत." मी काय उत्तर दिलं माहितेय? मी म्हटलं, "जुनी आता वापरतं कोण?" आपल्या आईच्या गळ्यात एक आहे, ज्याच्या मागे मी स्वतः मार्करनं नंबर घातलाय, हे त्या क्षणी माझ्या मनात आलंसुद्धा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गुरुवारी दुपारी नवा दारावरचा कामाला लागला. आई सोमवारी पडली.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. तरी पुढचं वाच, कारण मला ते लिहून काढायचंय, नाहीतर आजही झोप लागायची नाही.

मागच्या सोमवारी, म्हणजे आज बरोबर आठवडा झाला, 'राहू दे'साहेबांना वरच्या लोकांपुढे मिरवायला आकडे हवे होते. नवा किती झटपट काम करतो, याचे. मलाही मिरवायचंच होतं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तर आमच्या दाराच्याही बाहेर, रस्त्यावर म्हण, एक फाटक आहे. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निरोपाची एक ओळ पडते. ती नोंद कुणी वाचत नाही. मी उघडली, नाकारलेले निरोप किती ते बघावं म्हणून. शून्य दिसेल असं धरून चालले होते. चौदा होते. तीन एका घरातले, आणि अकरा एकाच बटणाचे, ओळीनं. नंबर वाचायची गरजच पडली नाही. तारीख बघितली, तोच सोमवार होता.

झालं होतं असं. निरोपासोबत, आत काय आहे हे सांगणारं एक लेबल लागतं. पहिल्या खेपेच्या बटणांना ते लावायचं आमच्याकडूनच राहून गेलं होतं, आणि पाच वर्षं कुणाला कळलं नाही, कारण जुना दारावरचा भोळा होता. लेबल नाही? नसू दे. आतलं न वाचता, वरचा बटणाचा नंबर बघून आत सोडायचा. घंटा वाजायला तेवढा नंबर पुरायचा. नवा कडक शिस्तीचा. आत काहीतरी आहे आणि लेबल नाही, म्हणजे घेणार नाही. चारशे पंधरा नंबरचं उत्तर देऊन दारावरूनच परत. आत कुणाला हाक नाही, आमच्या वहीत ओळ नाही. रोज सकाळचा 'मी चालू आहे' मात्र रिकामा निरोप असतो, त्याला लेबल लागत नाही, तो बिनबोभाट आत जायचा. म्हणून हिरवा ठिपका. म्हणून 'आई, अगं नोंदच नाही.' जी गोष्ट आईच्या टेबलावरून एकदाही परत गेली नसती, ती माझ्या दारावरून अकरा वेळा परत गेली.

दुरुस्तीला एक ओळ लागली. जेवणाच्या सुट्टीच्या आत केली. ड्रॉवरमधल्या जुन्या बटणांत सेल घालून 'शंका'कडून शंभर वेळा दाबून घेतली. शंभरही वेळा घंटा वाजली. दुसऱ्या घरी स्वतः फोन केला. तिथल्या आजोबांनी पुसताना चुकून दाबलं होतं, ठणठणीत आहेत. मग साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अहवाल होईपर्यंत बाहेर एक अक्षर नको." आणि मी, जिला तू जन्मभर भांडकुदळ म्हणत आलास, मी मान हलवली.

सात दिवस, दादा. सात दिवस मी रोज संध्याकाळी आईसमोर जाऊन बसले. ती चिठ्ठ्या लिहायची, मी सफरचंद कापायचे. मधेच विचारायची, "अगं, मी खरंच नव्हतं ना दाबलं?" आणि मी म्हणायचे, "जाऊ दे ना आई आता." बुधवारी म्हणाली, "तुम्ही दोघं म्हणता तर जाते मी तिकडे. मशीन कशाला खोटं बोलेल? माझंच डोकं." आई कधी हार मानते का रे? तिला रस्ते विसरायला लावले ते तिच्या वयानं नाही, मी लावले. नोकरीची भीती होती, नाही म्हणत नाही. पण खरी भीती ती नव्हती. तिच्या तोंडावर हे बोलायचं कसं, तीच होती. शुक्रवारी दवाखान्याच्या जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले, तासाभरानं वर गेले ते नुसती सफरचंदं घेऊन. शनिवारी तोंडात शब्द आले आणि मी त्यावर पाणी प्यायले.

आज दुपारी सांगितलं. मधेच, सफरचंद कापता कापता. सगळं सांगितलं, दारावरच्यापासून लेबलापर्यंत. तिला माझ्यापेक्षा लवकर समजलं. चाळीस वर्षं तेच काम केलंय तिनं. तिनं फक्त एक विचारलं, "किती वेळा?" मी म्हटलं, अकरा. ती म्हणाली, "मी अकराच म्हटलं होतं." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती, चिडली होती. अर्ध्या तासानं वळली आणि म्हणाली, "मशीन चुकलं, ते समजलं. तुझी चूक झाली, तीही समजली. पण सात दिवस तू मला माझ्यावरच संशय घेताना बघत बसलीस, ते कसं गं जमलं तुला?" तिथूनच साहेबांना फोन करून सांगितलं की आईला सांगितलंय, आणि जुनी बटणं असलेल्या सगळ्या घरांना उद्या कळवणार आहे, मग तुम्ही मला ठेवा नाहीतर काढा. यावेळी 'राहू दे' म्हणाले नाहीत.

हे पत्र मला आईनं लिहायला लावलंय. मी फोन काढला होता, तर म्हणाली, "फोनवर तू रडशील, तो समजूत घालेल आणि मुद्दा राहून जाईल. लिहून पाठव. आज टाकलंस तर बुधवारी पोचतं." मग उशीखालच्या, पर्समधल्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करायला लावल्या, स्वतःच्या हातानं फाडल्या, आणि एक कोरा कागद मागून घेतला. मी फाटकावरच्या वेळा वाचत गेले, ती लिहीत गेली. सात वाजून बारा मिनिटांपासून आठ एकावन्नपर्यंत. मधे चाळीस मिनिटं काहीच नाही. तेव्हा तिची शुद्ध गेली होती का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. तर शनिवारी ये, अर्ज तिकडेच ठेव. आल्या आल्या आधी तिची माफी माग, मग मला काय हवं ते बोल. आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलणार नाही. तिनं मला जाताना विचारलं, "त्याला आता पटेल ना? की त्याला अजून नोंद लागेल?" म्हणून ती चिठ्ठी सोबत घातलीय. तिच्या अक्षरात आहे, आकडे स्वच्छ आहेत. मोजून घे.

तुझीच,
भांडकुदळ